पयली पेज, मगे गाऱ्हाणा

आमच्या वाडीत विहिरी सात आणि गळ एकच. नळाच्याच पाण्यावर वाढलेल्यांसाठी सांगते: गळ म्हणजे एका कडीत अडकवलेले लोखंडाचे पाच-सहा वाकडे आकडे. दोर तुटून कळशी विहिरीच्या तळाला गेली की हा झुबका दुसऱ्या दोराला बांधून खाली सोडायचा, तळ चाचपत फिरवायचा आणि एखाद्या आकड्यात कळशीचा गळा सापडेपर्यंत धीर धरायचा. हा गळ मोठ्या काकीच्या मांगरात, नांगराशेजारच्या खुंटीला टांगलेला असे. पोर धापा टाकत मांगराच्या दाराशी उभं राहिलं की काकी हातातलं काम न सोडता खुंटीकडे मान वळवी आणि विचारी, "कोणाची पडली गो?"

या प्रश्नात नुसती चौकशी असे. कोणी हसत नसे, धांदरटपणाबद्दल बोलत नसे. त्या सात विहिरींत प्रत्येकीची कळशी कधी ना कधी गेलेली होती.

कुडाळहून मालवणला जाणारा एक रस्ता नेरूरपारचा पूल ओलांडून काळसे, धामापूर, चौके असा जातो. त्या रस्त्यावरून आत वळलं आणि दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून पाणंदीने चालत राहिलं की आमची वाडी. समुद्र तिथून दिसत नाही. तो सकाळी पाटी घेऊन येणाऱ्या मावशीच्या हाकेबरोबर दारात येई, आणि जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असल्या की चुलीत भाजलेल्या सुक्या बांगड्याच्या वासातून.

मी ज्या बायकांची आठवण काढते आहे त्या साधारण १९३५ ते १९५० या काळात जन्मलेल्या. माझी आई, मोठी काकी, वरच्या घरातली वहिनी, वहाळापलीकडची मावशी. प्रत्येकीचा नवरा, दीर नाहीतर मुलगा मुंबईला. घर, शेत, गुरं, म्हातारी माणसं, पोरांच्या शाळा, देवाधर्माचं, सोयरसुतकाचं, सगळं इथे त्यांच्यावर. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०७९ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये १०३६. हे आकडे वाचून बाहेरच्या माणसाला कौतुक वाटतं. आम्हाला त्यांत मुंबईच्या गाळ्यात पाळीपाळीने वळकटी पसरणारे आमचे बापूस दिसतात.

घर मनीऑर्डरवर चाले. पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजून देई, सही किंवा अंगठा घेई आणि फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावरच्या दोन ओळी मोठ्याने वाचून दाखवी. त्या चिठोऱ्यावर जागा इतकी कमी की नवऱ्याने बायकोला काही सांगायचं म्हटलं तरी मावणार नाही. आणि पोस्टमन वाचणार, सासू ऐकणार, मग तो लिहिणार तरी काय? खुशाल आहे, पैसे जपून वापरणे, छपराचे नळे परतून घेणे. आई ते चिठोरं तांदळाच्या डब्याखाली ठेवी. डबा उचलला की खाली पाच-सहा वर्षांची खुशाली एकावर एक चिकटलेली सापडे.

मग १९८२ साल आलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांत आमच्या जिल्ह्यातली घरं किती, हे पोस्टमनच्या पिशवीवरून कळत होतं. फेब्रुवारीत मनीऑर्डरी कमी झाल्या, शिमग्याला त्या थांबल्या आणि त्यांच्या जागी माणसंच परत आली. माझे बाबा आणि काका एकाच गाडीने आले. मी तेव्हा बारा वर्षांची. बाबा घरी आले म्हणून आम्हा भावंडांना झालेला आनंद आणि त्यांना पाहून आईच्या चेहऱ्यावर आलेली काळजी, या दोन्ही गोष्टी मला एकाच दिवशी दिसल्या आणि तेव्हा त्यांचा मेळ लागला नाही.

मुंबईत त्यांना इतके दिवस जगवलं ते खानावळवालीने. लालबाग-परळच्या चाळींत अशा शेकडो बायका महिन्याच्या हिशेबाने गिरणी कामगारांना जेवू घालत. त्यांतल्या कित्येक कोकणातल्याच. सावकाराच्या व्याजात पिचलेल्या या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. संपात कामगारांचे पगार थांबले आणि या बायकांची बिलंही थकली. आमच्या काकांची खानावळवाली दोन महिने काही न बोलता वाढत राहिली. तिसऱ्या महिन्यात काकांनाच ताटावर बसवेना. ते तिची उधारी पुढे सात वर्षं थोडीथोडी फेडत होते.

घरात पुरुष आले आणि वेगळीच अडचण झाली. आईचं घर तिच्या घड्याळावर चालायचं. बाबांना त्यात कुठे उभं राहायचं तेच कळत नसे. ते गोठ्यात जात, गाय बिचके. नांगराला हात घालत, काकी म्हणे, तुमचो हात सुटलो आता. ते गप्प ओटीवर बसून असत आणि मालवणहून कोणी पेपर आणला की संपाच्या बातमीपुरता तो घडी घालून ठेवत.

आषाढातला तो दिवस मला तासातासाने आठवतो. उद्या लावणीला चिखल करायचा होता. पहाटे गोठ्यातून बाबांची हाक आली. बैलाचा पुढचा पाय सुजला होता, तो टेकतच नव्हता. तासाभरात पाऊस असा कोसळला की माजघरावरचे चार नळे सरकले. मे महिन्यात माकडांनी ते हलवले होते आणि परतायला माणूस लावायला पैसे नव्हते, म्हणून "यंदा जाऊंदे" झालं होतं. पाणी नेमकं भाताच्या कणगीवर. टोप, तपेली, परात, जे सापडेल ते आम्ही खाली मांडलं. धाकटा भाऊ रात्रीपासून तापलेला होता, त्याची खाट ओढून पडवीत नेली. लाकडं ओली, चूल धरेना, फुंकून फुंकून आईचे डोळे लाल. अकराच्या सुमारास बाजारातून काका रिकामी पिशवी घेऊन आले. ज्या दुकानात आजोबांच्या काळापासून वही होती त्या दुकानदाराने आज पहिल्यांदा मागचं दिल्याशिवाय पुढचं नाही असं सांगितलं होतं. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या वहीत आमच्यासारखी किती घरं असतील.

आणि दुपारी आई पाण्याला गेली ती हात हलवत परत आली. सुंभाचा दोर मधोमध तुटला आणि तिची माहेरची तांब्याची कळशी गेली.

ती ओटीवर आली, कोणाकडे न बघता आत गेली आणि चुलीपुढे बसून तिने हातातली फुंकणी भिंतीवर फेकली. "मी काय काय म्हणान बघू?" एवढंच ती बोलली. फुंकणी घरंगळत माझ्या पायाशी आली. माझ्या आईचा आवाज इतका वर गेलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. बाबा दारात उभे होते. ते आत आले नाहीत, बाहेरही गेले नाहीत.

उठली ती आजी. तिची कंबर वाकलेली होती. तिने भिंतीला धरत येऊन फुंकणी उचलली, जागेवर ठेवली, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "कळशी पडली तर पडांदे. तू नाय मां पडलंस?" मग आम्हा सगळ्यांकडे वळून, "पयली पेज घेवा. मगे काय ता बघूया."

पयली पेज. मालवणी घरात वाढलेल्या माझ्या वयाच्या कोणालाही हे दोन शब्द वेगळे समजावून सांगायला नकोत. उकड्या तांदळाची दाटसर पेज, वर मिठाचे दोन खडे, सोबत खारातल्या आंब्याची फोड किंवा निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. तापातून उठलेल्याला पेज, लावणीहून आलेल्याला पेज, भांडून रुसलेल्याला पेज, मयताहून परत आलेल्या घरालाही शेजारून पेजच. त्या दिवशीही आम्ही सगळे माजघरात, टोपांमध्ये टपटप पडणाऱ्या पाण्याच्या मधल्या कोरड्या जागांत बसलो आणि पेज घेतली. बाबा आईशेजारी बसले. ताटली संपेपर्यंत कोणीही बैलाचं, वहीचं, कळशीचं नाव काढलं नाही. ती आजीची शिस्त होती.

पेज झाल्यावर तिने एकेक काम ज्याच्या त्याच्या हाती दिलं. काकांनी माळ्यावरून हात घालून नळे आतूनच वर सरकवायचे. बाबांनी बैलाला शेक द्यायचा. मी मोठ्या काकीकडे गळ मागायला जायचं. "आनि वहीचा?" काकांनी विचारलं. आजी म्हणाली, वही आज नको. वही पाऊस थांबल्यावर. पुढे आयुष्यात मी मोठमोठ्या कचेऱ्यांत कामाचं नियोजन करणारी माणसं पाहिली. अडचणींच्या ढिगातून आज काय आणि आज काय नको हे इतक्या झटपट वेगळं करणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही.

कळशी काढायला दुसरा दिवस उजाडावा लागला. पावसाने विहीर तुडुंब, पाणी गढूळ, तळ दिसायचा प्रश्नच नाही. सगळं हाताच्या बोटांवर. काकीने दोर सोडला आणि डोळे मिटले. लोखंड चिऱ्याला घासलं की दोरातून खरखर येते, गाळात गेलं की काहीच येत नाही आणि धातूला लागलं की बारीक टण् असा धक्का थेट कोपरापर्यंत पोचतो. तो धक्का कसा असतो हे तिने माझा हात दोरावर ठेवून मला शिकवलं. दोनदा कळशी आकड्यात आली आणि पाण्याच्या वर येता येता निसटली. तिसऱ्यांदा आली ती काठाला लागून एका बाजूने चेपली. ती चेप कधी काढली नाही. आजही कळशी कमरेवर घेतली की ती नेमकी हाडाला बसते.

हे सगळं व्हायला दीड-दोन तास लागले आणि तेवढ्यात विहिरीवर वाडीतल्या आठ-नऊ बायका जमल्या. इरल्याखाली, खोळ पांघरून, काहीजणी नुसत्या भिजत. कळशी निघण्याची वाट पाहता पाहता एकेकीचं बाहेर येऊ लागलं. वरच्या घरातल्या वहिनीचा नवरा मुंबईत थांबला होता आणि त्याचं पत्र नव्हतं. एकीने काजू बीचे पैसे सासऱ्याच्या औषधाला घातले होते आणि खताला उरले नव्हते. मावशीची म्हैस आटली होती. कोणी कोणाला उपाय सांगत नव्हतं. कोण देणार उपाय? सगळ्यांच्या घरी तेच. एकीचं वाक्य संपलं की दुसरी "व्हय गो" म्हणे आणि मग स्वतःचं सुरू करी. आईनेही त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं की पाटल्या गहाण टाकाव्या लागणार. मोठी काकी दोर खेचता खेचता म्हणाली, "व्हय गो, माझे मार्चातच गेले."

आमच्याकडे गाऱ्हाणं या शब्दाचे अर्थ दोन. एक तक्रारीचा, तो सगळ्या महाराष्ट्रात आहे. दुसरा आमचा. देवासमोर नारळ ठेवून, घरावर काय काय आलं आहे ते एकामागून एक मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक ओळीला जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मच्छिंद्र कांबळी यांच्या 'वस्त्रहरण'मुळे हा सूर उभ्या महाराष्ट्राला माहीत झाला आणि लोक त्यावर पोट धरून हसले. हसू द्या, नाटकच तसं आहे. पण ज्याने ते गाऱ्हाणं घरच्या अडचणीत, पावसात, वाडी राखणाऱ्या देवाच्या, म्हणजे राखणदाराच्या झाडाखाली ऐकलं आहे त्याच्या अंगावर त्या सुराने काटा येतो.

लावणी आटपल्यावर आजीने बाबांना राखणदाराला नारळ ठेवायला लावला. शेजाऱ्याने आपलं जोत दिलं होतं, बदल्यात आई आणि काकू त्यांच्या लावणीला दोन दिवस राबल्या होत्या, त्यामुळे शेत तेवढं पार पडलं होतं. राखणदाराशी वाडीतली पंचवीस-तीस माणसं आली. पुरुष पुढे, बायका मागे, आम्ही पोरं बाजूच्या गडग्यावर. बाबांना गाऱ्हाणं घालायची सवय नव्हती, ते काम आजोबांचं. त्यांनी सुरुवात चाचरतच केली. बा देवा म्हाराजा, ह्या घरान आज तुझ्यापुढे नारळ ठेयलो हा. व्हय म्हाराजा. बैलाचो पाय दुखावलो. व्हय म्हाराजा. नळे सरकले, भात भिजला. व्हय म्हाराजा. झिल तापान पडलो. व्हय म्हाराजा. मग ते "गिरण" म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द येईना. हातातला नारळ थरथरत होता. वाक्य पुरं व्हायच्या आतच मागून सगळ्यांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" त्यांत बायकांचेही आवाज होते, आणि त्यांत सगळ्यात मोठा माझ्या आईचा.

संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. बाबांना गिरणीने परत बोलावलं नाही. ते पुढे चिरेखाणीवर हिशेबाला लागले, काकांनी मुंबईत रिक्षा धरली. देवाने गाऱ्हाणं ऐकलं की नाही याचा हिशेब मी मांडत नाही. त्या दिवसानंतर बाबा ओटीवर गप्प बसून राहिले नाहीत, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आईच्या पाटल्या श्रावणात गेल्या. त्या रात्री आजीने आम्हा पोरांना धामापूरच्या तळ्याची गोष्ट सांगितली. आमच्या भागातल्या प्रत्येक घरात ती सांगतात. १५३० साली नागेश देसाई यांनी बांधलेला हा तलाव. काठावर भगवतीचं देऊळ. पूर्वी म्हणे लग्नाला दागिने नसतील तर गरिबाने परडीत फुलांचे दागिने करून तळ्यात सोडायचे, परडी सोन्याचे दागिने घेऊन वर यायची. कार्य झालं की ते परत सोडायचे. मग कोणीतरी परत केले नाहीत आणि तळ्याने देणं थांबवलं. २०२० साली या तलावाला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला तेव्हा वर्तमानपत्रांत त्याच्या बांधणीवर पुष्कळ लिहून आलं आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटला. मला मात्र तलाव म्हटलं की अंधारात स्वतःच्या उघड्या मनगटावर हात फिरवत गोष्ट ऐकणारी आई आठवते.

आजीजवळ तळ्याची गोष्ट होती, तशी मोठ्या काकीजवळ गावपळणीची. तिचं माहेर आचऱ्याचं. तिथे दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन गावपळण होते. तीन दिवस तीन रात्री सगळा गाव गुरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट घरं सोडून वेशीबाहेर जाऊन राहतो. गाव निर्मनुष्य. माणसं माळावर झोपड्या घालतात, तीन दगडांची चूल मांडतात, रात्री फुगड्या आणि भजनं रंगतात. गावपळणीबद्दल पुष्कळ चर्चा होते, श्रद्धेची, अंधश्रद्धेची. काकी तिच्याविषयी एकच सांगे: त्या तीन दिवसांत गळकं घर आपल्यावर नसतं. सासू आणि सून एकाच झाडाखाली बसून एकाच टोपातलं खातात. लग्न होऊन आमच्या वाडीत आल्यावर तिला माहेरची आठवण सणाला येत नसे, गावपळणीला येई. घरापासून सुट्टी देणारी एक रीत आपल्या माहेरी होती, हे सांगताना तिचा आवाज बदलायचा.

हे सगळं लिहिताना मनात एक भीती आहे. वाचणाऱ्याला वाटेल, त्या बायका फार खंबीर, त्यांना काही होत नव्हतं. होत होतं. आमच्याच वाडीत एक काकू होती. नवऱ्याची पत्रं थांबली, मूल गेलं, वर दिराशी जमिनीचा वाद. ती हळूहळू विहिरीवर येईनाशी झाली, पहाटे सगळ्यांच्या आधी पाणी भरून जाई. बोलणं बंद झालं. लोक म्हणाले, बाहेरचं लागलं. कोंबडे झाले, गंडेदोरे झाले. मनाचा आजार म्हटला की आम्हाला एकच ठाऊक, रत्नागिरीचं इस्पितळ, आणि तिथे नेणं म्हणजे घराण्याला डाग. तिला नेलं नाही. ती शेवटची अकरा वर्षं मागच्या पडवीत बसून होती. आम्ही पोरं तिथून जाताना पळत जायचो. आज १४४१६ या नंबरवर फोन करून मराठीत बोलता येतं, तालुक्याच्या गावी डॉक्टर आहेत. तेव्हा निदान एकीने तरी पहाटे उठून तिच्या वेळेला विहिरीवर जायला हवं होतं. माझी आई हे अजून बोलून दाखवते. त्या बाबतीत आमची वाडी चुकली.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. मुंबई एका रात्रीवर आली, येणं सोपं झालं आणि जाणं त्याहून सोपं. आमची पिढी गेली, त्यांत मीही. मग नळयोजना आली, गॅस आला, पंप बसला. विहिरीवर जायचं कारण उरलं नाही. हे झालं ते चांगलंच झालं. कमरेवर घागरी वाहून वाकलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत ते रहाटाचे गोडवे गाणार नाहीत. पण घरं एकेक करून बंद झाली. मोठी काकी गेली, मुलगे डोंबिवलीला, घराला कुलूप, मांगर पडायला आलेला.

२०२१ च्या मे महिन्यात मी आईजवळ होते. करोनाची दुसरी लाट चालू होती. मुंबईत धाकट्या भावाला ताप येऊन चार दिवस झाले होते आणि त्याचा ऑक्सिजन किती हे दर दोन तासांनी फोनवर विचारणं एवढंच आमचं काम. १६ मे, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. तौक्ते हा ब्रह्मी शब्द, अर्थ पाल. आपल्याकडे तर मनात शंका आली तरी पालच चुकचुकते. त्या दिवशी माड मुळासकट आडवे झाले, आंब्याच्या फांद्या घरावर आल्या, विजेचे खांब एकमेकांना ओढत खाली बसले. रात्रीपर्यंत वीज गेली, पंप बंद, नळ कोरडा, फोनची रेंज गेली आणि भावाची काहीच खबर कळेना. आमच्या माजघरावरचे नळे पुन्हा गेले, त्याच जागचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून आईची चेपलेली कळशी काढली, सापडला तो दोर बांधला आणि विहिरीवर गेले. दोर आतून कुजलेला होता. कळशी पाण्याला टेकली, जड झाली आणि हातात नुसता दोर राहिला. मी एक्कावन्न वर्षांची बाई विहिरीच्या काठावर बसून लहान मुलीसारखी रडले. कळशीसाठी नव्हे हे सांगायला नको. रडू कधीपासून भरून आलं होतं, त्याला ती कळशी निमित्त.

आई काठी टेकत आली. ऐंशी पार केलेली. तिने विहिरीत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू नाय मां पडलंस?" मग घराकडे वळता वळता, "लाईट येतली तेवा येतली. चल, पयली पेज घे."

पेज घेतल्यावर मी मोठ्या काकीच्या मांगराकडे गेले. वादळाने दार पाडलं होतं. आत नळ्यांचा खच आणि समोरच्या खुंटीला गळ, गंजलेला, सहापैकी एक आकडा मोडलेला. वरच्या घरातला मुलगा मुंबईची नोकरी सुटून गावी आलेला, तो दोर घेऊन आला. त्याची आई आली, तिची सून आली, वहाळापलीकडून मावशीचा नातू आला. एकमेकांपासून अंतर ठेवून, तोंडाला फडकी बांधून आम्ही सात-आठ जण विहिरीभोवती उभे राहिलो. त्या मुलाला गळ फिरवता येईना, म्हणून मी दोर हातात घेतला आणि डोळे मिटले. आईने काठावर बसून माझ्या भावाचं सांगायला सुरुवात केली, आणि पलीकडून वरच्या घरातली वहिनी, आता तीही म्हातारी, फडक्याआडून म्हणाली, "व्हय गो."

कळशी चौथ्या खेपेला निघाली. भावाचा ताप उतरल्याची खबर तिसऱ्या दिवशी मिळाली, मालवणला जाऊन आलेल्या त्याच मुलाकडून. आमच्या वाडीत वीज यायला त्यानंतरही बरेच दिवस गेले.

यंदा गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा एक करा. प्रत्येक वाडीत बंद घरांच्या मध्ये एखादं दार उघडं असतं आणि आत एकटी कोणी काकी, मावशी, वहिनी असते. तिच्याकडे पाच मिनिटं न जाता सकाळभर जा. ती आधी पेज विचारील, नको म्हणू नका. पेज झाल्यावर ती सांगू लागेल: माकडांचं, गुडघ्यांचं, गळणाऱ्या नळ्यांचं, न येणाऱ्या फोनचं. मध्येच उपाय सांगायला जाऊ नका, मोबाईल पिशवीत ठेवा, आणि तिचं वाक्य संपलं की म्हणा, "व्हय गो."